हात वळले, गाडी नाय वळली

हे मी आजवर तोंडातून बाहेर काढलेलं नाही. आईला माहीत नाही, भावाला माहीत नाही. ऑफिसात एक मैत्रीण आहे, तिला वाटतं मी तिच्यापासून काहीच लपवत नाही — तिलाही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही माझ्या पप्पांना ओळखत नाही म्हणून. ओळखत असतात तर मी पुन्हा एकदा विषय बदलला असता. त्यात मी तरबेज आहे.

आधी पप्पांबद्दल सांगते. मुद्दा तेवढाच लांबतो, कळतंय मला — पण त्यांच्याशिवाय हे समजायचं नाही. पप्पा मालवणकडचे. तरुणपणी मुंबईत आले आणि जन्मभर एका कंपनीच्या साहेबांच्या गाड्या चालवल्या. साहेब बदलले, गाड्या बदलल्या, पण पप्पांच्या हातून कुठल्या गाडीला साधा ओरखडा आला नाही. रिटायर झाल्यावर त्यांनी स्वतःच्या नावावर एक जुनी, छोटी, करडी गाडी घेतली. मागे साहेब न बसलेली त्यांची पहिली गाडी! दर रविवारी आईला शेजारी बसवून कांदिवलीहून थेट मरोळला मासळी आणायला जायचे. कांदिवलीत काय मासळी मिळत नाही? ढिगाने मिळते. पण हायवेवर चक्कर झाल्याशिवाय त्यांना सुरमई गोड लागत नसे.

आणि मी? माझ्या हाताला वळण आहे, असं लहानपणापासून ऐकत आलेय. इतकं ऐकलं की खरं वाटायला लागलं. मी चामड्याच्या पर्स शिवते, हौस म्हणून. तर पप्पांच्या स्टिअरिंगचं रबर झिजून हाताला काळं लागायला लागलं, तेव्हा भाऊ म्हणाला, "दुकानात तयार कव्हर मिळतं गं, लगेच चढवून देतात." मला झोंबलं. तयार? मी घरात असताना? मी जाहीर केलं — दसऱ्याच्या पूजेला पप्पांच्या गाडीला खऱ्या चामड्याचं, हाताने शिवलेलं कव्हर असेल.

काम तसं किचकट. चामड्याची लांब पट्टी चाकावर ताणून बसवायची आणि आतल्या बाजूने दोन्ही कडा बुटाच्या नाडीसारख्या उलटसुलट टाक्यांनी आवळत जायचं. गाडीतच बसून शिवावं लागतं. मान वाकडी, बोटं सोललेली, कोपर हॉर्नवर — हॉर्न वाजला की वॉचमन बिचारा गेट उघडायला धावायचा. हे सगळं मी मन लावून केलं. पण पट्टी कापताना टेप लावली नाही. एवढ्या पर्स शिवल्यावर माप कशाला घ्यायचं? अंदाजाने कापली.

आणि ती रुंद झाली. अगदी शेवटाला आल्यावर कळलं. कडा एकमेकींना भिडल्या होत्या, पण चामडं चाकाला घट्ट धरत नव्हतं. तळहात दाबून फिरवून पाहिलं — कव्हर सरकलं. जरासंच. पण सरकलं, आणि ते मला कळलं. कळलं नाही असं मी कधीच म्हणू शकत नाही.

उपाय एकच होता. सगळं उसवायचं, पट्टी कापून कमी करायची, परत शिवायचं. पण दसऱ्याची सकाळ उजाडली होती. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, नारळ आणि झेंडूचा हार घेऊन गाडीजवळ उभे होते. भाऊ बोरिवलीहून आला होता आणि खिडकीतून वाकून माझं काम बघत होता. त्याच्या देखत उसवू? मी वर दिसणाऱ्या जागी काही टाके करकचून ओढले आणि म्हटलं, झालं. वरून कीर्तन, आतून तमाशा. दिवाळीच्या सुट्टीत नीट करू, असं स्वतःला सांगितलं.

दिवाळी आली, गेली. उसवायचं कधी? पप्पा सोसायटीतल्या येणाऱ्याजाणाऱ्याला गाडीत बसवून कव्हरवरून हात फिरवायला लावत होते. "माझ्या चेडवान शिवल्यान हां! हातान!" लोक झकास म्हणायचे. मी लाजल्यासारखं करायचे.

मग मे महिना. घामेजलेले हात, उन्हाने सैल पडलेलं चामडं. रविवारी मरोळहून मासळी घेऊन येताना पप्पा नेहमीसारखे सोसायटीच्या गेटात वळले — आणि गाडी सरळ गेली. गेटच्या खांबावर आपटली. खांबापाशी वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची होती, तिचा चुरा झाला. वॉचमन गेट उघडायला उठला होता, म्हणून वाचला. आई ठीक होती. मी धावत खाली गेले तेव्हा पप्पा तसेच बसून होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"हात वळले गो बाय," ते म्हणाले. "हात वळले, गाडी नाय वळली."

हेच त्यांनी वॉचमनला सांगितलं, कमिटीच्या लोकांना सांगितलं, भाऊ आल्यावर त्यालाही सांगितलं. लोक एकमेकांकडे बघत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, काय बोलणार! पण त्यांचा शब्द न् शब्द खरा होता, आणि तिथे तो फक्त मला कळत होता. तेव्हा बोलायला काय लागत होतं? एक वाक्य. माझ्या तोंडून ते निघालं नाही.

दिवेलागणीला मासळीचा वास काढायचं निमित्त करून मी गाडीत जाऊन बसले. ब्लेडने कव्हर कापून काढलं. माझ्याच हाताने शिवलेल्या पर्समध्ये कोंबलं आणि दुसऱ्या दिवशी सांताक्रूझला ऑफिसजवळच्या कचराकुंडीत टाकून दिलं.

इथेच थांबले तर मी नुसती भित्री ठरेन. भित्री ठरायला मी एका पायावर तयार आहे. पण खरं सांगायचं ते पुढेच आहे.

त्याच सोमवारी संध्याकाळी भाऊ गाडी मेकॅनिककडे न्यायला आला. उघडं स्टिअरिंग बघून वर आला आणि सहज म्हणाला, "कव्हर कुठे गेलं गं?" सहजच विचारलं त्याने. पण चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, याला कळलं. आणि मी म्हणाले, "मीच काढलं रे. पप्पांना पकड येत नव्हती. त्यांच्या हातात जोर कुठे राहिलाय आता?"

तोपर्यंत हातांचं नाव कुणी काढलं नव्हतं. कुणी डोळे म्हणालं होतं, कुणी बीपी, कुणी ऊन. हात — ते मी म्हणाले. आणि पप्पा तिथेच होते. चपला घालत होते, मेकॅनिककडे सोबत जायला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. स्वतःच्या हातांकडे पाहिलं, उलटे करून, सुलटे करून. मग भावाने किल्ली मागितली आणि त्यांनी देऊन टाकली. पार्किंगच्या जागेवरून अख्ख्या कमिटीशी भांडलेला माणूस हा. चपला काढून परत आत गेला.

आता गाडी भाऊ चालवतो. मासळी कांदिवलीच्याच बाजारातून येते. पप्पा चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. दाढी करायला सलूनमध्ये जातात. बांगडे साफ करायची त्यांची कामगिरी आईकडे गेली. डॉक्टरांनी तपासून हात ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "डॉक्टराक काय कळता? घरातल्या माणसांक कळता."

घरातल्या माणसांना. म्हणजे मला.

गेल्या रविवारी आई बाजारात गेली होती. मी पर्स शिवत बसले होते — हो, अजून शिवते. पप्पा समोर येऊन बसले आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

"बाय, नीट बघून सांग गो. थरथरतत काय?"

मी सुई खाली ठेवली आणि नीट बघितलं. हात अगदी स्थिर होते. बोटं सरळ, तळव्याला जुने घट्टे. त्या क्षणी घरात आम्ही दोघंच होतो. नाही म्हटलं असतं तर त्यांनी पुढे विचारलं असतं, 'मगे गाडी कशाक नाय वळली?' — हे माझ्या डोक्यात लख्ख उभं राहिलं.

मी म्हटलं, "थोडे थरथरतात, पप्पा."

"माका वाटलाच," ते म्हणाले, आणि हात मागे घेतले.