आप्पा ढमाले आणि दोन खुणांचं इंजिन

आदरणीय शंकरराव ढमाले, म्हणजे आम्हा सगळ्यांचे आप्पा, यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. या गौरव अंकात त्यांच्यावर लिहायला माझ्यापेक्षा शिकलेली माणसं आहेत. मी बारावीपर्यंतही नीट पोचलो नाही आणि एका गावात सहा महिन्यांवर कधी टिकलो नाही. आप्पांच्या उरवड्याच्या गॅरेजात मात्र चौथं वर्ष चाललंय. ते कसं, तेवढं सांगतो.

लवळ्याला एका कॅन्टीनमध्ये मी भांडी घासायचो. तिथली मिसळ बेकार होती, पण पोरं रांगा लावायची, असो. एकदा संध्याकाळी कॅन्टीनचा टेम्पो बंद पडला. आप्पा रस्त्याने चालले होते, ते आपणहून थांबले, बॉनेट उघडलं आणि टॉर्च माझ्या हातात दिला. मी इंजिनात बघत राहिलो. "उजेड आत पाड, माझ्या टकलावर न्हाई," आप्पा म्हणाले. टेम्पो चालू झाल्यावर म्हणाले, "बघतुयास बरं. उद्या ये." मी गेलो.

आप्पांनी कारखान्यात तीस वर्षं इंजिनं जुळवली. निवृत्तीनंतर त्यांनी गॅरेज काढलं. आजूबाजूच्या बंगल्यांतल्या जुन्या स्पोर्ट्स कार त्यांच्याकडे येतात. त्यांचा एक नियम आहे. नवीन जुळवलेलं इंजिन किल्लीने कधीच आधी फिरवायचं नाही. पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे द्यायचे. आत काही अडत असेल तर ते हाताला कळतं, किल्लीला कळत नाही.

मागच्या वर्षी कासार आंबोलीच्या बबनरावांची लाल टू-सीटर आली. त्याआधी याच गाडीच्या पहिल्या मॉडेलची दोन इंजिनं मी जुळवली होती. दुसऱ्या वेळी मी फेरे गुपचूप टाळले आणि काहीही बिघडलं नाही. तिथेच माझं डोकं बिघडलं. बबनरावांची गाडी दुसऱ्या मॉडेलची होती. तिचे व्हॉल्व्ह बाहेरच्या देशातून यायला चार महिने लागले होते, आणि हे इंजिन गेलं असतं तर दुसरं मिळणार नव्हतं.

गाडी न्यायला बबनराव आले, सीटवर बसले, किल्ली लावली.

"दोन फेरे झालं का रं?" आप्पांनी मला विचारलं.

"झाले," मी म्हणालो. झाले नव्हते.

"माझ्या मेव्हण्याची बी अशीच हाय," बबनराव म्हणाले. "तीच बॉडी, तेच दिवं. त्याची म्हैन्यात दिलीसा. माझ्याशी काय बांधाचं भांडाण हाय का, आप्पा?"

"वरनं सारखी हाय. आतनं न्हाई. ताकद वाढवायला कंपनीनं हिचं पिस्टन उंच केलं. त्याच्या गाडीत व्हॉल्व्ह आन् पिस्टनचा मेळ घालणारा टायमिंगचा पट्टा चुकीचा बसला तर इंजिन नुसतं बंद पडतं. हिच्यात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकत्यात. आन् पट्टा लावायला तिच्या पुलीवर, म्हंजी पट्ट्याच्या चाकावर, एकच खूण, हिच्या पुलीवर दोन. त्यातली एकच खरी."

मी एकच खूण पाहिली होती. आधी दिसली ती.

"मारू का किल्ली?" बबनरावांनी विचारलं.

"मारा की."

मी बॅटरीपाशी उभा होतो. बॅटरीची वायर मी अजून घट्ट आवळली नव्हती, ती उपसली. बबनरावांनी किल्ली फिरवली. काहीच झालं नाही.

"चार म्हैन्यात बॅटरी बी जोडली न्हाई व्हय?"

आप्पांनी माझ्या हातातल्या वायरकडे पाहिलं.

"फेरे दिले नाहीत, आप्पा," मी म्हणालो. "खूण कुठली धरली तेही माहीत नाही."

मनातल्या मनात मी बॅग भरली होती. आप्पांनी पाना माझ्या हातात दिला. "फिरव. हळू."

अर्ध्या फेऱ्यावर पाना अडला. आप्पांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "बास. व्हॉल्व्ह टेकलाय पिस्टनला."

मग ते बबनरावांकडे वळले. "गाडी आज न्हाई. मी न बघताच तुमास्नी बोलावलं. चूक माझी हाय." बबनराव जे बोलले ते गौरव अंकात लिहिण्यासारखं नाही. आप्पांनी सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं. माझं नाव घेतलं नाही.

मला वाटलं, आता पट्टा ते स्वतः बसवतील. ते बाहेर जाऊन कट्ट्यावर बसले. "मी बसवला तर तू पळून जाशील," म्हणाले. "बसव तूच."

दोन तास लागले. खरी खूण धरली, दोन फेरे दिले, खात्री वाटेना म्हणून आणखी दोन दिले. कुठेच अडलं नाही. सकाळी बबनराव आले आणि पहिल्याच किल्लीला इंजिन चालू झालं. आप्पांनी मला पुढे केलं. "ह्यानं जुळवलंय. काय बोलायचं ते आता ह्याला बोला." बबनराव बराच वेळ आवाज ऐकत राहिले. मग म्हणाले, "मेव्हण्याला ऐकवून आणतो," आणि गेले.

आप्पांचे गुडघे आणि नजर अशीच शाबूत राहो, दम न लागता त्यांचं हे काम चालू राहो, ही आम्हा सगळ्यांची प्रार्थना. या गाडीच्या तिसऱ्या मॉडेलात पट्टाच नाही, साखळी आहे. ते इंजिन त्यांनी मला अजून उघडू दिलेलं नाही. कधी शिकवणार म्हणून विचारलं तर म्हणतात, "तुला काय कुटं जायाची घाई हाय का?"

नाही आप्पा, मला नाही. तुम्हीही करू नका.