जागा बदलायची नाही

नवं सत्र म्हटलं की गणिताच्या बाईंना एरवी हुरूप यायचा. यंदा तो आला नाही. नजर अधू होत होत आता माणूस म्हणजे नुसता आकार उरला होता. जुन्या वर्गात निभावून जायचं. पोरं आवाजावरून, खोकल्यावरून ओळखू यायची. ती पास होऊन पुढे गेली आणि बाईंच्या पदरात तीन नव्या तुकड्या पडल्या.

"ताई, सांगून टाक ना मोठ्या बाईंना," धाकटी बहीण त्यांच्या निऱ्या नीट करता करता म्हणाली.

"सांगितलं की वर्ग काढून घेतील. शिकवण्याशिवाय मला येतं काय गं? भिंतींकडे बघत बसू?"

"भिंती तरी दिसतात का तुला?" बहीण बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

बाई हसल्या. देवापुढे मात्र बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. एवढं वर्ष निभावून ने, दुसरं मागणं नाही. देणं न देणं त्याच्या मर्जीवर.

तोड त्यांनी काढली होती. पहिल्याच दिवशी प्रत्येक तुकडीत बजावलं, "ज्यानं जी जागा धरली ती वर्षभर त्याची. जागा बदलायची नाही." मग बाकाबाकाला बोलतं करून आवाज आणि जागा घोकून ठेवल्या. दाराशी बडबडी. खिडकीशेजारी शेवटच्या बाकावर उंट: मान पुढे काढून बसणारा, तोंडातून शब्द न काढणारा लांबडा मुलगा. फळ्यावर लिहिताना डावा हात ओळीवर टेकवायचा आणि त्याच्या खाली पुढची ओळ लिहायची. आठवडाभर कोणाला पत्ता लागला नाही.

सोमवारी फळ्याकडून वळल्या, तर शेवटचा बाक गप्पच.

"उंटराव, उठा. पुढची पायरी सांगा."

आकार हलला नाही.

"कान घरी ठेवून आलात का? उठा म्हटलं ना!"

आकार उठला. वर्गात कोणी हसलं नाही.

"बाई, मी इथे आहे," अगदी पुढून घाबरा आवाज आला. "मोठ्या बाईंनी मला पुढे बसवलं."

सत्राच्या सुरुवातीला मागच्या दारानं गुपचूप येऊन वर्ग ऐकायची मुख्याध्यापिकांची जुनी सवय. नव्या चेहऱ्यांच्या धास्तीत बाई तीच विसरल्या होत्या.

"कधीपासून दिसत नाही?" शेवटच्या बाकावरून मोठ्या बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

"झाले बरेच दिवस."

"खडू ठेवा. चला माझ्याबरोबर."

"एवढं उदाहरण पुरं करू द्या."

बाई फळ्याकडे वळल्या. पण मघाशी डावा हात सुटला होता, जागा हरवली होती. खडू आधी लिहिलेल्या ओळींवरूनच चालत राहिला, आकड्यावर आकडा चढत गेला. सगळ्यांना दिसत होतं.

पोरं मुकाट्यानं उतरवून घेत राहिली.