डब्याचा स्विच बंद होता

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, आमच्या गावात कुणालाही विचारा. पण एक राहिली. लेकीला नाही सांगितली, मालक होते तोवर त्यांनाही नाही. तुम्ही ओळखीचे ना पाळखीचे, म्हणून तुमच्यापाशी बोलते. बसा जरा. मी लांबून येते, माझी बोलायची रीतच तशी आहे.

राणीसावरगावच्या पुढं, डोंगरात आमचं गाव. शेतं खाली दरीत, तिथं मोबाईलला रेंज नाही. मोटारीची लाईट कधी येईल याचा नेम नाही. मग काय करायचं? विहिरीवर दिवस काढायचा, नाहीतर उगाच वर-खाली चकरा मारायच्या. माझी भाची पुण्यात नोकरीला आहे, तिनं आमच्या बचत गटाला छोटे रेडिओ आणून दिले. तळहातावर मावेल एवढी पाटी, तिला इवलासा पडदा, आणि एक अँटेना. सिमकार्ड नाही, टॉवर नाही. एक रेडिओ दुसऱ्याला निरोप देतो, दुसरा तिसऱ्याला, पंगतीत पत्रावळी हातोहात पुढं जातात ना, तसं. दरीत कुणाला लाईट दिसली की तो 'लाईट आली' पाठवतो, आणि गावात सगळ्यांना कळतं. सगळ्यात उंच रेडिओ विहाराच्या गच्चीवर. डब्यात बंद, वर सोलरची पाटी, बाजूला स्विच. तो बंद पडला की दरी तुटली.

हे सगळं सांभाळते कोण? मी. सातवी शिकलेली. सांगायला लाजत नाही — मला याचा लय अभिमान आहे. भाचीनं दिलेल्या जुन्या लॅपटॉपला रेडिओ जोडून त्यातला जुना प्रोग्राम काढायचा, नवा भरायचा, त्याला फ्लॅश करणं म्हणतात. भाचीनं एकदा फोनवर दाखवलं, बाकीचं मी पडत-झडत शिकले. चार्जिंगची केबल निराळी आणि प्रोग्राम नेणारी निराळी, दिसायला सख्ख्या बहिणी! हे कळेपर्यंत किती दुपारी गेल्या माझ्या. आज गंगाखेडहून माणसं बंद पडलेले रेडिओ पिशवीत घालून माझ्या ओसरीवर येतात. मी चहा टाकते आणि कामाला बसते.

आणि मी शिकवते पण. गटातल्या बायकांना पहिला धडा एकच — आधी स्विच बंद, मग अँटेनाला हात. अँटेनाशिवाय रेडिओ चालू राहिला तर त्याचा आवाज आतल्या आत कोंडतो आणि तो जळू शकतो. सगळ्यांत पटकन शिकली ती शोभा, माझी धाकटी जाऊ. एकदा सांगितलं की तिला पुन्हा सांगावं लागत नसे. गच्चीवरचा डबा मी तिच्या हवाली केला होता. 'आमचं स्टेशन' म्हणायची त्याला.

आता येते. येतेच आहे.

अशोक विजयादशमी जवळ आली होती, विहाराला चुना देणं चाललं होतं. शोभानं गच्चीवर चुना मारायला अँटेना काढली, मारून झाल्यावर परत लावली. खाली येऊन मला म्हणाली, "अक्का, डबा बंदच ठेवलाय. तुमी नेणार म्हणला होतात ना." भाचीनं नवा प्रोग्राम पाठवला होता, तो भरायचा होता. मी डबा घरी आणला.

आमच्याकडं रेडिओ दोन खेपेला आलेले. वरून अगदी एकसारखे, पण आतून वेगळे, प्रत्येकाचा प्रोग्राम वेगळा. कुठला कोणता, ते पाटीच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. उलटून बघायचं, एवढंच. मी बघितलं नाही. चष्मा? चष्मा गळ्यात होता. मी म्हटलं, मला काय बघायचंय, माझे रेडिओ मला ओळखू येत नाहीत?

चुकीचा प्रोग्राम गेला. पडदा काळा. केबल काढली, लावली — काही नाही. लॅपटॉपला तो दिसेचना.

दुसऱ्या दिवशी दरीतली माणसं चिडून आली. लाईट येऊन गेली, कुणाला कळलं नाही. आमचे गणपतमामा ओसरीवर उभे राहून म्हणाले, "काय मास्तरीनबाई, सगळं येतंय म्हनता अन् डबा मुका?" शोभाही मागं उभी होती. आणि मी — मी काय बोलले?

"अँटेना काढून चालू ठेवला असंल कुनीतरी. जळलाय."

अँटेना कुणी काढली होती, ते गावाला माहीत होतं. सगळ्यांच्या माना शोभाकडं वळल्या. ती म्हणाली, "अक्का, मी स्विच बंद केला होता. तुमी शिकिवलं तसंच."

मी म्हटलं, "आठवत नसंल तुला."

हे एवढंच. पण तुम्हाला कळतंय का मी काय केलं ते? अँटेनाशिवाय रेडिओ जळला तर निरोप जायचे थांबतात, पडदा काळा होत नाही. हे गावाला माहीत नव्हतं, मला होतं. जी विद्या मिरवते, त्याच विद्येच्या आडोशाला लपले. तिला वेंधळी ठरवलं. आणि ती बिचारी विचार करत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "राहिला असंल बाई चालू."

पुढं मी तो रेडिओ उठवला. पाटीवरचं एक बारीक बटन दाबून धरायचं, तसंच धरून केबल लावायची, मग तो जागा होतो. मग सगळं पुसायचं आणि बरोबर प्रोग्राम भरायचा. पडदा उजळला तेव्हा मी एकटीच हसले. ते काम मी केलं, खरंच केलं, त्याचा अभिमान आजही आहे. पण गावाला सांगितलं काय? जळलेला जिवंत केला म्हणून. विहारात माझा सत्कार झाला. सगळ्यांत जोरात टाळ्या शोभाच्या. आल्यागेल्याला ती अजून सांगते, "माझ्या हातनं जळलेला, अक्कानं निस्तरलं."

गच्चीवर ती परत गेली नाही. साधा फोन चार्जिंगला लावायचा तरी माझ्याकडं देते — "तुमीच लावा."

इतक्या बायका माझ्या हाताखालून गेल्या. बरोबर शिकली कोण, असं विचारलंत, तर एकच नाव घ्यावं लागेल. शिकवणारीला याहून मोठा मान असतो का? तो माझ्याजवळ होता, आणि मीच तो पुसला.

मी डबा उचलला तेव्हा स्विच बंद होता. माझ्या डोळ्यांनी बघितला होता. अँटेना घट्ट बसवलेली होती, आणि डब्यावर चुन्याचा एक थेंबही नव्हता.