बर्फ लाव, उतरेल

आमच्या बर्फाच्या कारखान्यात त्याला सगळे सबूर म्हणायचे. लाद्या काढायचं काम त्याचं. पाण्याने भरलेले लोखंडी साचे खाऱ्या गार पाण्याच्या हौदात दीड दिवस उभे असतात, आणि वेळेआधी साचा उचलला की लादीचा गाभा कच्चा राहतो. नवीन माणसाने घाईने साच्याला हात घातला की हा म्हणायचा, "सबूर." पुढे तेच त्याचं नाव झालं. मी शेजारच्या खोलीत कॉम्प्रेसर सांभाळतो. माझ्याकडे सबुरी नाही, नुसतं तोंड आहे. वीस-बावीस वर्षं आमचं जमलं ते बहुतेक म्हणूनच.

लग्न केलं त्याने बेचाळिसाव्या वर्षी. आधी दोन बहिणींना मार्गी लावलं, आईचं दुखणं काढलं, मग कुठे स्वतःकडे पाहिलं. वहिनी घरी गाद्यांच्या खोळी शिवतात. दीड वर्षात माणूस ओळखू येईना. रोज दाढी करायचा, काम संपल्यावर उगाच रेंगाळायचा नाही, जेवताना आपल्याशीच हसायचा. आम्ही पिडायचो आणि तो कानापर्यंत लाल व्हायचा. उशिरा का होईना, त्याच्या वाट्याला बायकोच्या कुशीतलं सुख आलं होतं. ते कसं गेलं, एवढंच मला सांगायचंय.

आई गेल्यावर त्याची झोप उडाली. डॉक्टरने झोपेसाठी गोळी लिहून दिली. गोळी सुरू केल्याच्या चौथ्या दिवशी पहाटे पाचला तो कळांनी जागा झाला. लिंग ताठ झालं होतं, मनात तसलं काही नसताना, आणि उतरायचं नाव घेत नव्हतं. वहिनी बहिणीच्या बाळंतपणासाठी गेलेल्या. त्याने लघवी करून पाहिली, गार पाण्याने अंघोळ केली, येरझाऱ्या घातल्या. शेवटी लांब सदरा चढवून कामावर आला.

नऊ वाजता माझ्या खोलीत येऊन त्याने दार लोटून घेतलं.

"पहाटेपासून तसंच आहे. बसतच नाहीये."

"काय बसत नाहीये?"

त्याने नुसतं खाली पाहिलं. आणि मी हसलो. पोट धरून हसलो, खोटं कशाला बोलू.

"लोक यासाठी औषधं शोधत फिरतात, आणि तू तोंड पाडून उभा?"

"दुखतंय रे."

"वहिनींची आठवण दुखतेय ती. बर्फ लाव, उतरेल."

आमच्याकडे सगळ्यावर बर्फच. बोट चेंगरलं, बर्फ. दाढ सुजली, बर्फ. पाठ धरली, बर्फ. तो चोवीस तास हाताशी असतो, आणि दवाखान्याची वाट धरणारा आमच्यात नाजूक ठरतो. सबूरने लादीचा टवका काढला, फडक्यात गुंडाळला आणि कपडे बदलायच्या खोलीत गेला. दर अर्ध्या तासाने जायचा. मधल्या वेळात लाद्याही काढत होता. दुपारी तो पाय फाकून चालायला लागला तेव्हा मुकादमाने विचारलं, काय झालं. त्याच्या आधी मीच बोललो, "नवरदेव आहे अजून." सगळे हसले. सबूरही हसला. एकदा हसं झाल्यावर कोण पुन्हा सांगायला येतो?

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. अकराला त्याचा फोन आला. "चल माझ्याबरोबर," एवढंच म्हणाला. आवाज ऐकून माझी बडबड बंद झाली. रिक्षात तो बसू शकत नव्हता, सीटवर आडवा झाला.

इस्पितळातला डॉक्टर तरुण होता. त्याने विचारलं, "किती वेळ झाला?"

"कालच्या पहाटेपासून. तीस तास."

डॉक्टरचा हात कागदावर थांबला. "चार तासांच्या आत यायचं असतं हो. इच्छा नसताना ताठरता टिकली आणि चार तास उलटले, तर दुखो वा न दुखो, सरळ इस्पितळ. अडकलेलं रक्त सुईने काढता येतं, औषध टोचता येतं. उशीर होत जातो तसा आतला भाग मरत जातो. तुमच्या त्या गोळीने क्वचित एखाद्याला असं होतं. देणाऱ्याने बजावायला हवं होतं."

"बर्फ लावत होतो," सबूर म्हणाला.

"बर्फाच्या नादात वेळ गेला."

पाच ते नऊ. मी मनात मोजलं. तो माझ्या खोलीत आला तेव्हा बरोबर चार तास झाले होते.

"कुणाला सांगितलं नाहीत तुम्ही?" डॉक्टरने विचारलं.

मी तिथेच भिंतीला टेकून उभा होतो. सबूरने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाही," तो म्हणाला. "लाज वाटली."

सुईने काम झालं नाही, शस्त्रक्रिया करावी लागली. कळा गेल्या. बाकीचं परत आलं नाही. काही महिन्यांनी डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, आता आपोआप काही होणार नाही. आत नळ्या बसवायची एक शस्त्रक्रिया असते, तिचा विचार करा म्हणाला. सबूरने ऐकून घेतलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला. आता तो बाहेरच्या खोलीत झोपतो. दाढी आठवड्यातून एकदा करतो. कामावर मात्र पहिल्यासारखाच वेळेवर येतो, आणि मला एका शब्दानेही बोलत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मागच्या आठवड्यात वहिनी फाटकाशी भेटल्या. त्याची राहिलेली छत्री न्यायला आल्या होत्या.

"भाऊजी, मी नव्हते घरात, ते मी स्वतःला माफ करत नाही. पण यांनी निदान तुम्हाला तरी सांगायचं होतं. तुम्ही तसंच उचलून नेलं असतं."

मी म्हणालो, "हो वहिनी."