तारांना आधी कळलं
प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत. बावीस वर्षं ती झिंक ऑक्साइडचे नमुने बनवत आली होती. त्या दुपारी वायू ओळखणारे दोन नमुने तिने शेजारी शेजारी तपासायला लावले होते. एक सपाट पातळ थर होता, तर दुसरं केसाहून हजारपट बारीक नॅनोतारांचं रान. वायू लागला की त्यांचा विद्युतरोध उतरतो. वायू अजून सोडलाच नव्हता, तरी तारांचा रोध उतरू लागला. थर मात्र ढिम्म.

"तारा उगाच बिथरतात, ताई," प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणाले. "थराचाच आकडा लिहा."

तिने तारांचा नमुना बदलला. नव्याचाही रोध उतरू लागला. तारांना हवा चहूबाजूंनी लागते, थराला फक्त वरून. वास कसलाच नव्हता, पण हायड्रोजनला वास नसतोच. त्याची टाकी भिंतीपलीकडे होती, आणि तिथेच भट्टी तापत होती.

"सर, कुठल्याही बटणाला हात लावू नका. नुसते बाहेर चला."

सर कुरकुरत उठले. जाता जाता तिने भट्टीपाशी बसलेल्या दोघांनाही बाहेर काढलं. अंगणात पोचल्यावर सरांनी विचारलं, "आणि थर?"

"आत्ता कुठे उतरायला लागला असेल," ताई म्हणाली, तेवढ्यात प्रयोगशाळेच्या सगळ्या काचा एकदम फुटल्या.