सहा डोस, आठ डोस

वडिलांचं डोकं अजून पूर्वीसारखं चालतं का, हे मोजायला मी शाळेच्या प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच पर्समध्ये घालून घरी आणलं होतं. सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं, मी सत्तावीस वर्षांची विज्ञानाची बाई होते, आणि मोजता येणार नाही असं काही जगात असतं हे मला मुळीच पटत नव्हतं. आई म्हणाली, "बाप हाये तो तुया, शंकरपटाच्या शर्यतीतला बैल नाही." मला राग आला, पण घड्याळ मी परत नेलं नाही.

वडील धंतोलीतल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. तेव्हा औषध बाटलीत मिळायचं, आणि बाटली पेशंटने घरून आणायची. वडील खिडकीतून डॉक्टरांची चिठ्ठी घेत, मिक्श्चर बनवत, मग कागदाच्या पट्टीला घड्या घालून कात्रीने कडेला खाचा पाडत आणि ती पट्टी खळीने बाटलीवर चिकटवत. एक खाच म्हणजे एक डोस. वाचता न येणाऱ्यालाही कळायचं, की सकाळी या खाचेपर्यंत प्यायचं आणि संध्याकाळी त्या. हात हे करत असताना तोंडही सुरू असे. सावनेरहून आलेल्या बाईला कापूस वेचून झाला का विचारायचं, आणि तिच्या सासऱ्याला पंधरा वर्षांपूर्वी कोणतं मिक्श्चर लागू पडलं होतं तेही तिला सांगायचं.

साठी ओलांडल्यावर मात्र ते खिडकी लावून घेऊ लागले. चिठ्ठी आत घेतली की फळी बंद, काम झालं की उघडी. लोक चिडले. कंपाउंडरले घमेंड आली म्हणाले. कोणी म्हणालं, म्हातारा सरकला. हे डॉक्टरांच्या कानावर गेलं. डॉक्टर भला माणूस. ते वडिलांना एवढंच म्हणाले, की तुम्ही म्हणाल तोवर खिडकी तुमची.

"बाबा, खिडकी काहून लावता?" मी विचारलं.

"कोणी बोललं का माह्या डोक्यातला आकडा सुटते," ते म्हणाले. "पहिले दोन्ही व्हायचं. आता एकच होते."

ते घाबरले होते. आठ डोसांच्या औषधाला सहाच खाचा पडल्या तर प्रत्येक डोस मोठा होतो, आणि तान्ह्या लेकराला तो भारी पडू शकतो. "मी तिथं बसाव का नाही, ते तू पाहून सांग," ते मला म्हणाले. "पण खरं सांगजो."

रविवारी नंदनवनातल्या आमच्या पुढच्या खोलीत मी वीस रिकाम्या बाटल्या मांडल्या. औषधाच्या जागी पाणी. डॉक्टरांसारख्या वीस चिठ्ठ्या लिहिल्या, कुठे सहा डोस, कुठे आठ. पहिल्या दहा बाटल्या त्यांनी अगदी शांततेत केल्या. दहाच्या दहा बरोबर, पण वेळ केवढा! मला वाटलं होतं हात मंदावले असतील. हात तर पूर्वीइतकेच चपळ होते, कात्री सपासप चालत होती. वेळ जात होता तो त्याआधी. चिठ्ठी वाचायची, थांबायचं, पुन्हा वाचायची, आणि मगच हात हलायचे. मला त्यात इतकी मौज वाटायला लागली की परीक्षा कोणाची चालली आहे हेच मी विसरले. आज त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दहा बाटल्यांना आईला गप्पा मारायला बसवलं. बोलण्यासाठी आईला आग्रह लागत नसे. तिने विचारलं, आपल्या लग्नात वांग्याची भाजी कोणाच्या हातून खारट झाली होती? वडिलांनी कात्री न थांबवता आचारी सांगितला, त्याचं गाव सांगितलं, त्याला कोण ओरडलं तेही सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वीचं सगळं जागच्या जागी होतं, आणि नुकताच वाचलेला आकडा निसटत होता. असं कसं, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही.

"किती चुकल्या?" शेवटी त्यांनी विचारलं.

एकही नाही, असं ओठांवर आलं होतं. पण त्यांनी खरं सांग म्हटलं होतं. "दोन," मी म्हणाले.

ते खदखदून हसले. "एक तर मी मुद्दाम चुकवली वं! म्हटलं, पोरगी बापावर दया करते का पाहू. चौथी ना? सहाच्या जागी पाच कापल्या." आईही हसायला लागली. मग त्यांचं हसू थांबलं. "अन् दुसरी कोणती?"

मी नववी बाटली पुढे सरकवली. चिठ्ठीवर आठ होते. त्यांनी नखाने एकेक खाच मोजली, चष्मा पुसला, पुन्हा मोजली. सहा.

"माह्यामुळं झालं ते," आई म्हणाली. "मीच बोलून राहिली होती."

सोमवारी ते दुपारीच घरी आले. काम सोडून आले होते. डॉक्टरांनी खूप समजावलं होतं, की घरच्या पाण्याच्या बाटलीत चुकलं तर काय बिघडलं, खिडकी लावून करा, हवा तेवढा वेळ घ्या. मला रडू येत होतं. खरं बोलल्याचा इतका पस्तावा मला पुन्हा कधी झाला नाही.

"शांततेत दहाच्या दहा बरोबर होत्या ना, बाबा," मी म्हणाले. "मग काहून सोडलं?"

"बरोबर होत्या हे मले कोणं सांगतलं?" ते म्हणाले. "तू. खिडकीच्या आत तू कुठं असते?"