तिसऱ्यांदा मागितलेलं विरजण

एकदा घरात दही लागलं की त्यातलंच चमचाभर दुसऱ्या दिवशी विरजणाला होतं. समोरच्या घरातली नवी सून मात्र आठवड्यात तिसऱ्यांदा वाटी घेऊन माझ्या दारात उभी होती. आधी दोनदा मी विरजण दिलं, पोरगी वेंधळी आहे असं म्हटलं आणि दार लावून घेतलं. एकटं राहून दार लावायची सवयच लागते.

या वेळी वाटी पुढे करताना तिची बाही सरकली. मनगटावर बोटांचे वळ होते. शेजाऱ्यांकडे उघडपणे जे मागता येतं, तेच ती मागत होती.

"आत ये. कुणाला फोन करून सांगितलंस का?"

"काकू, ते माझा फोन तपासतात."

"मग माझ्या फोनवरून बोल."

महिला हेल्पलाइनशी ती हळू आवाजात बोलली. जाताना आठवणीने विरजण घेतलं. रिकाम्या हाती गेली असती तर घरी विचारलं असतं.

काही दिवसांनी ती निघून गेली. कुठे, ते मी मुद्दामच विचारलं नाही. तिचा नवरा आला, तेव्हा "माहीत नाही" हे खरंच सांगता आलं.

एकटीला संपत नाही, तरी रोज दही लावते. बेल वाजली की वाटीच्या आधी चेहरा बघायचा, असं ठरवलंय. बेल वाजत नाही.